बर्फाची वरात

"बाईच्या पाठीवरून आलेला बर्फ रुजत नाही."

अपो मेहदींचा, म्हणजे मेहदीआजोबांचा, तो आवाज इतकी वर्षं झाली तरी माझ्या कानातून गेलेला नाही. जात्याच्या पाळूत खडा अडकावा तसा आवाज. धाब्याच्या घरावर ते उन्हाला बसले होते. अधू पाय पुढे लांब सोडलेला, आणि दगडावर दगड हाणून जर्दाळूच्या बिया फोडणं चाललेलं. समोर त्यांची सून हाजिरा उभी होती. तिच्या पाठीला काटक्यांची निमुळती टोपली होती, रिकामीच.

"मग कुणाच्या पाठीवरून आणू?" हाजिरा म्हणाली. "तुमच्या मुलाच्या? तो फौजेच्या चौकीवर रॉकेलचे डबे चढवतोय. सकीनाच्या नवऱ्याच्या? तो सडकेवर खडी फोडतोय. गावात पाठी उरल्यात त्या बायकांच्या, नाहीतर गाढवांच्या."

"मग गाढवांना विचार."

"विचारलं. ती म्हणाली, न बोलता जमेल, पण वाटेत लोळल्याशिवाय जमायचं नाही."

मला हसू आवरेना. मी धाब्याच्या कडेला जर्दाळूच्या पाट्या उचलायला बसले होते. अपोंनी माझ्याकडे पाहिलं आणि एक बी अशी फोडली, की ती माझ्याच कपाळावर फुटली असं वाटलं.

"छू-मॅडमलाही हसू येतंय," ते म्हणाले. "हिच्या देशात बर्फ फक्त सरबतात असतो."

छू म्हणजे पाणी. श्योक नदीच्या खोऱ्यातल्या त्या बलती गावाला, ब्राकथांगला, मी पाणी मोजायला आले होते म्हणून माझं ते नाव. एरवी मी शेवंता भांगरे, अकोले तालुक्यातल्या डोंगरावरची. आमच्याकडे पावसाळ्यात छपराखाली उभं राहून बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि होळी झाली की तेच लोक हंडा घेऊन कडा उतरतात. आई मला पुढे चालवायची आणि मागून सांगायची, "वाटेत टेकवू नको गं. एकदा टेकवलास की एकटीला उचलायचा नाही." पाण्याचं काम शिकले ती त्या हंड्यापायी.

ब्राकथांगच्या वर, डोंगराच्या बगलेत एक लहानशी हिमनदी होती. ती आपोआप झालेली नव्हती, माणसांनी लावलेली होती. बलती लोक बर्फाचं लग्न लावतात. खडीमातीनं माखलेला, काळा, जागचा न हलणारा बर्फ तो नर. निळसर, पाझरणारा, वाढणारा बर्फ ती मादी. दोन वेगळ्या खोऱ्यांतून दोन्ही आणायचे, सावलीच्या दगडांमध्ये एकाशी एक लावून निजवायचे, वर कोळसा, भुसा, पेंढा घालून झाकायचे. मग हिवाळ्यामागून हिवाळे गेले की तिथे बर्फ वाढतो आणि खालच्या गावाला ओढा मिळतो. अटी दोनच. वाटेत ओझं जमिनीला लागता कामा नये, आणि वाहणाऱ्यांनी तोंडातून शब्द काढता कामा नये. बर्फ निजवून झाला की गावचा वडीलधारा पहिला शब्द बोलतो. मग सगळ्यांनी बोलायचं.

अपोंच्या तरुणपणी गावातले चार जण असा बर्फ घेऊन चढले होते. त्यातले तिघं गेले. उरले अपो. लाल खडकाच्या वळणावर त्यांचा गुडघा फुटला, तरी टोपली टेकली नाही, अशी ती गोष्ट होती. पोरं लंगडी खेळताना तेच ओरडायची, "गुडघा फुटला, टोपली टेकली नाही!" अपो मशिदीतून निघाले की माणसं वाट द्यायची ती त्या गुडघ्याला.

आणि आता तो बर्फ चालला होता. त्या वर्षी कुट्टूचं, म्हणजे त्यांच्या त्या गुलाबी फुलांच्या धान्याचं पीक ऐन फुलोऱ्यात उभं वाळलं. खालच्या आळीतल्या घरांना कुलपं लागली होती. हाजिराच्या नवऱ्याचा निरोप आला होता, पुढच्या साली असंच झालं तर आपणही लेहला जाऊ, खोली बघून ठेवतो. ती मात्र म्हणायची, "खोलीत मी काय पेरू?"

"नवा बर्फ लावायचाच," ती सासऱ्याला म्हणाली. "तुम्ही जागा दाखवा, पहिला शब्द बोला. वाहायचं आम्ही बघू."

"रुजत नाही म्हटलं ना!"

"का नाही रुजत?"

अपोंनी दगड खाली ठेवला. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्यांनी अधू पाय दोन्ही हातांनी उचलून सावलीत घेतला.

"नाही रुजत," ते म्हणाले, आणि दगड पुन्हा उचलला.

*

दुसऱ्या दिवशी मी, हाजिरा आणि सकीना वरच्या कुरणात गेलो. सकीना नवी सून, वीस-एकविशीची. जीभ अशी की तिच्या सासूनं कानाला रुमाल बांधायला सुरुवात केली होती. दोघी सरपण तोडायला, मी माझ्या झुडपांच्या नोंदी घ्यायला.

कुरण म्हणायचं ते जुन्या सवयीनं. आता तिथे कमरेएवढी झुडपं माजली होती. त्यात वाळुंज जास्त. आमच्या ओढ्याकाठी वाळुंजेची झाडं असतात, तिचीच ही थंडीतली खुजी बहीण. हाजिराच्या लग्नाच्या वेळी ही झुडपं ओढ्यापाशी होती. मग हवा तापत गेली, माणसं सडकेवर गेली, शेळ्या विकल्या गेल्या, आणि झुडपं डोंगर चढत सुटली.

"बरं झालं की," सकीना कोयता चालवत म्हणाली. "माझी आई सरपणाला अर्धा दिवस जायची. मी नमाजेआधी जाऊन येते."

"सकीना, वसंतात तुम्ही शेतातल्या बर्फावर राख का टाकता?" मी विचारलं.

"लवकर वितळावा म्हणून. हे काय विचारणं? काळ्याला ऊन धरतं."

मी झुडपाची एक काळी काटकी वाकवून तिच्यापुढे धरली. ती थबकली. हाजिरानं कोयता खाली केला.

"बर्फातून ह्या काटक्या वर डोकावतात," मी म्हणाले. "उन्हानं तापतात. भोवतीचा बर्फ आतून खातात. तुमची नांगरट व्हायच्या आधीच इथलं पाणी खाली निघून जातं. मागे उरेल ते मुळं पितात आणि पानं हवेत सोडतात. फुलोऱ्याच्या वेळी ओढ्यात काय येणार? दगड."

"म्हणजे," हाजिरा सावकाश म्हणाली, "सगळ्या डोंगरावर कुणीतरी राख टाकतंय."

"आणि आपल्याला न विचारता!" सकीना म्हणाली. तिनं त्या झुडपाला अशी लाथ घातली की तीच घसरून बसली.

आम्ही तशाच वर गेलो, जुन्या हिमनदीच्या पलीकडच्या खोलगटात. तिथे उत्तरेची सावली होती, मोठमोठे दगड होते, आणि झुडपं अजून पोचली नव्हती. दगडांच्या फटीत हात घातला की ऐन दुपारी बोटं बधिर व्हायची. डोंगर तिथून श्वास सोडत होता, गार श्वास. माझ्या उष्णतामापकानं जे सांगितलं होतं तेच हाजिराच्या हातानं सांगितलं. तिनं हात फटीतून काढला आणि गालाला लावला.

"इथेच," ती म्हणाली.

"हाजिरा अशे, इथे खड्डे खणायचे आहेत," मी म्हणाले. अशे म्हणजे थोरली बहीण. "आमच्या सरांची माणसं परवा चढणार. वसंतात ह्या खोलगटात वाळुंज लावायची आहे. डोंगरावरची सगळ्यात ओली जागा ही, म्हणून."

"कुणी हो म्हटलं?"

"गावच्या पुरुषांनी."

"जे गावात नाहीत त्यांनी?" तिनं पदर कमरेला खोचावा तशी ओढणी कमरेला आवळली. "मग उद्या बर्फ. बर्फ निजवलेल्या जागेला गावात कुणी पहार लावत नाही. मशिदीला लावेल, तिथे नाही. सकीना, काळा बर्फ तुझ्या माहेरच्या खोऱ्यातला."

"मग मी नवऱ्याकडची!" सकीना हरखली. "करवली!"

"तू करवली नाहीस, तू टोपली. आणि उद्या तू बोलायचं नाहीस."

सकीनाचा चेहरा पडला.

उतरताना हाजिरा माझ्या शेजारून चालू लागली. "खरं सांग. लागेल का हा बर्फ?"

"माहीत नाही. अपोंच्या वेळची थंडी आता उरली नाही. खरं सांगायचं तर कठीण आहे."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"मग तुला नाही कळायचं. मांडवात उभं राहताना कुणी विचारतं का, टिकेल का म्हणून?"

"मी विचारलं होतं," सकीना मागून म्हणाली.

"मग?"

"आई म्हणाली, गप्प बस."

*

आमचे देवस्थळी सर त्या दुपारी खालच्या विश्रामगृहावर येऊन पोचले. पुण्याच्या ज्या संस्थेत मी नोकरीला होते, तिचे ते प्रमुख. माणूस वाईट नव्हता. सह्याद्रीत त्यांनी उघडे माळ हिरवे केले होते. आटलेल्या विहिरींना पाणी लागलं म्हणून बायकांनी त्यांना ओवाळलं होतं. ते ओवाळणं त्यांच्या डोळ्यांतून उतरलंच नव्हतं.

"वा, शेवंता! काय हिरवं झालंय गं वर!" चहाचा पेला हातात धरून ते म्हणाले. "उपग्रहाच्या चित्रात सुद्धा दिसतं. आता खोलगट तेवढं भरून काढू."

"सर, ते हिरवंच पाणी पितंय." आणि मी त्यांना काटक्यांचं, मुळांचं, सावलीचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते. ऐकताना बिस्कीट चहात बुडवलेलं राहिलं आणि विरघळून गेलं.

"झाडं लावली की पाणी वाढतं," ते म्हणाले. "हे तुझ्या गावचं शेंबडं पोरही सांगेल."

"माझ्या गावात सांगेल. इथे आभाळातून पाऊस पडत नाही, सर. इथे पाणी बर्फात साठवलेलं असतं. त्याच्या डोक्यावरची सावली आपण दगडांकडून काढून काटक्यांना देतोय."

"तुझं मोजमाप दोन मोसमांचं. माझी तीस वर्षं. देणगीदार वसंतात बघायला येणार आहेत. त्यांना काय दाखवू, दगड?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बायकांनी काही खूळ काढलंय असं ऐकतो. बर्फाचं लग्न वगैरे. तुझं त्यांच्यात उठणं-बसणं आहे. समजाव त्यांना."

"नाही समजावणार."

"म्हणजे?"

"उद्या मी त्यांच्याबरोबर जाणार आहे."

"वऱ्हाडी म्हणून?"

"माझीही पाठ आहे, सर," मी म्हणाले. "हंडे वाहिलेली आहे."

*

तांबडं फुटायला आम्ही गावच्या वरच्या टोकाला जमलो. थोड्याच बायका, त्यातल्या काही तर खोकणाऱ्या. सकीना आणि दोघीतिघी आदल्या दिवशीच तिच्या माहेरी गेल्या होत्या. तिकडच्या खोऱ्यातून त्या काळा बर्फ घेऊन निघणार आणि दोन ओढे मिळतात तिथे आम्हाला भेटणार. आम्ही निळा बर्फ पलीकडच्या खोऱ्यातल्या मोठ्या हिमनदीच्या सोंडेवरून फोडून घ्यायचा.

हाजिरानं पाठीवर बकरीचं एक जुनं कातडं बांधलं होतं. "सासूचं," ती म्हणाली. "झैनबचं. पेटीच्या तळाशी होतं. मी येण्याआधीच ती गेली बिचारी." कातडं जाड, लांब केसांचं, पण पाठीच्या मधोमध केस पार झडून ते पांढरं, कडक पडलं होतं.

"हे कशानं झालं?"

"शेण वाहून वाहून, दुसरं काय? बायकांच्या पाठीवर आणखी काय असतं?" तिनं गाठ मारली. "सासरा बघत होता धाब्यावरून. तोंड फिरवून बसला. बसू दे."

"येतील का ते?"

"नाही आले तर पहिला शब्द मी बोलेन. जिभेला हाड नाही माझ्या."

एक बाई म्हणाली, "तुमच्याकडे लग्नाला गाणं म्हणतात ना गं, छू-मॅडम? म्हण काहीतरी. पुढे तर मुक्यानंच जायचंय."

आईच्या ओव्या मला येत होत्या, पण बर्फाच्या लग्नाची ओवी तिनं कुठून म्हटली असती? मी तिथल्या तिथे जुळवली.

काळा गं नवरदेव, खडीमातीनं माखला
निळ्या गं नवरीनं, कसा लांबून वळखला

मी हिंदीत अर्थ सांगितला. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात टेकून हसल्या. "मापात बसतो नवरा," कुणीतरी म्हणालं. "माझाही असाच येतो सडकेवरून."

मग हाजिरानं ओठांवर बोट ठेवलं.

बर्फ फोडला. निळा, आत बुडबुडे असलेला, काचेत श्वास कोंडावा तसा. टोपल्यांत पेंढ्यात गुंडाळून पाठींवर चढवला, कोळसा-भुशाची पोती दोघींनी घेतली आणि चढण सुरू झाली. जिची पाठ भरून आली ती पुढचीच्या खांद्याला हात लावायची. ती वाकायची, टोपली पाठीवरून पाठीवर सरकायची, मध्ये जमीन कुठेच नाही. दोन ओढ्यांच्या संगमावर सकीनाकडच्या बायका उभ्या होत्या. त्यांच्या टोपल्यांतून काळं पाणी गळत होतं. सकीनानं बोलणं निसटू नये म्हणून तोंडात सुके जर्दाळू कोंबले होते. दोन्ही गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि मान अशी ताठ की नवरदेवाचा घोडाच.

पुढच्या चढावर टोपली माझ्या पाठीवर आली. बर्फाचं वजन हंड्यासारखं नसतं. हंड्यातलं पाणी डुचमळतं, आपल्याशी बोलतं. बर्फ गप्प असतो. मानेवरून थेंब आत उतरत होते. मनात ओवी चालू झाली, पावलांच्या तालावर, ओठ न हलता.

पाठीवर नेते बाई, नवरीचं गं माहेर
वितळू नको माये, गाठू दे गं डोंगर

लाल खडकाच्या वळणावर समोर देवस्थळी सर उभे होते. मागे पहारी घेतलेले मजूर, ठरल्याच्या एक दिवस आधीच.

"शेवंता!" ते म्हणाले. "काय चाललंय हे?"

वाट एका माणसाची होती. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरड.

"मी तुझ्याशी बोलतोय. टोपली खाली ठेव आधी. अगं, तू शिकलेली मुलगी! मी तुला नाशिकच्या कॉलेजातून उचलून आणलं, ते ह्या लग्नाला? उद्या लोक विचारतील, तर काय सांगू? माझी शास्त्रज्ञ वरातीत गेली?"

मी चालत राहिले.

"बरं, चुकत असेन मी. चुकत असेन! पण मग बोल ना. वाद घाल. काल घालत होतीस की!"

तोंडाशी सगळं आलं होतं. काटक्या, मुळं, उपग्रहाचं चित्र, त्यांचे हिरवे माळ, माझ्या आईचा हंडा. एवढं बोलणं माझ्या आयुष्यात कधी माझ्याकडे साठलं नव्हतं. पण मागे हाजिराचा श्वास वाजत होता, तिच्यामागे बाकीच्यांचे. मी थांबले तर सगळी रांग थांबली असती, आणि थांबलेलं ओझं टेकू मागतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत सरळ त्यांच्यावर चालून गेले.

मजुरांतल्या एका म्हाताऱ्यानं आधी ओळखलं. त्यानं टोपी काढली आणि पहार खडकाला टेकवून अंग चोरलं. मग एकेक करत सगळे बाजूला झाले. सर शेवटपर्यंत उभे राहिले. माझ्या टोपलीचा थेंब त्यांच्या बुटावर पडला तेव्हा ते दरडीच्या अंगाला दोन दगड खाली उतरले.

"निदान 'नाही' तरी म्हण!" त्यांचा आवाज मागून आला. "शेवंता! एक शब्द!"

सकीना त्यांच्यासमोरून गेली तेव्हा तिनं फुगलेले गाल आणखी फुगवले. ते मला नंतर कळलं. महिनाअखेरीला माझी नोकरी गेली, तेही नंतरचं.

*

खोलगटात पोचलो तर तिथे अपो बसलेले.

कसे चढले कोण जाणे. गाढव जवळ चरत होतं. अपोंची काठी त्या गार फटीवर आडवी ठेवलेली होती, दाराला अडसर घालावा तशी. चेहरा दगडासारखा. ते आम्हाला अडवायला आले आहेत असंच मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असणार, कारण पावलं थबकली.

आम्हाला बोलता येत नव्हतं. त्यांना येत होतं, पण ते बोलले नाहीत.

हाजिरानं माझ्या खांद्याला हात लावला. मी वाकले, टोपली तिच्या पाठीवर गेली. ती एकटी पुढे झाली आणि सासऱ्यासमोर उभी राहिली. ना मान खाली, ना पापणी. ती एक पाऊल आणखी पुढे झाली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. घ्या, नाहीतर पडू द्या, असं ते उभं राहणं होतं.

अपोंच्या डोळ्यांपुढे आता ते कातडं होतं. मधोमध झडलेलं, पांढरं पडलेलं.

मग त्यांचा हात वर आला. बिया फोडून फोडून जाड झालेली बोटं त्या पांढऱ्या जागेवर टेकली. आम्ही सगळ्या बघत होतो. सकीनाचे गाल चघळायचे थांबले होते.

त्यांनी काठी बाजूला केली. अधू पाय ओढत उठले आणि दोन्ही हातांनी टोपलीचा तळ उचलून धरला.

त्यानंतरचं सगळं त्यांच्या हातांनी झालं. दगडांमध्ये पेंढा अंथरला. काळा बर्फ खाली, निळा त्याला लगटून. निळ्याचा एक तुकडा सुटून पेंढ्याबाहेर घरंगळू लागला तर त्यांनी तो गुडघ्यानं अडवला, त्याच फुटक्या गुडघ्यानं. वर कोळसा, भुसा, पुन्हा पेंढा, मग दगड. आम्ही दगड देत होतो, ते रचत होते. शेवटचा दगड बसला तेव्हा त्यांनी तळवे जोडून वर उघडले. आम्हीही उघडले. आता पहिला शब्द त्यांचा.

दुआ येईल म्हणून बायकांनी डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते. अपोंचे ओठ हलले, थांबले. त्यांनी उघडे तळवे खाली केले.

"मी टोपली टेकवली नव्हती," ते म्हणाले. "तेवढं खरं आहे."

सगळ्यांचे डोळे उघडले.

"लाल खडकापाशी माझा गुडघा गेला. मी पडत होतो. ती भाकरी घेऊन आमच्या मागे येत होती, लांबून. येऊ नको म्हटलं होतं, तरी. मी पडायच्या आत तिनं पाठ लावली. तिथून वर तिनं आणला. मी मागून रांगत आलो. चढून संपलं तेव्हा आम्ही चौघं होतो आणि ती. तिघांनी कुराणावर हात ठेवला, कुणाला सांगायचं नाही. मीही ठेवला. तिला कुणी ठेवायला सांगितलाच नाही." त्यांनी श्वास घेतला. "गाव मला वाट देत राहिलं. ती बाजूला उभी राहून वाट द्यायची. मरेपर्यंत एकदाही..."

हाजिरानं पाठीवरचं कातडं सोडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

अपोंनी कातड्याची पांढरी जागा मुठीत धरली. मग सुनेकडे मान वर करून बघितलं.

"तुम्ही आजवर जो ओढा प्यालात," ते म्हणाले, "तो झैनबच्या पाठीवरून आलाय. रुजतो, हाजिरा. बाईच्या पाठीवरचा बर्फ रुजतो."